सावळारामाची ग्रीक वही

सावळा,

ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी तुझ्याविषयी चार शब्द लिहून द्या, असं आपल्या सेमिनरीच्या आमोसरावांनी मला सांगितलं तेव्हा तुला मातीत ठेवून तीन दिवस झाले होते. मी लगेच बसलो आणि लिहून दिले. जन्म कडेगावाजवळच्या खेड्यात, शिक्षण सांगलीच्या लूथरन सेमिनरीत, दीक्षा, सहा गावांत पाळकाची सेवा, मुदतीच्या तापाने मिरजेच्या दवाखान्यात अंत, मागे पत्नी आणि एक मुलगी. बारा ओळी झाल्या. आमोसरावांनी चष्मा कपाळावर चढवून त्या वाचल्या आणि म्हणाले, "शमुवेल, हे कुणाही पाळकाबद्दल छापता येईल." कागद मात्र ठेवून घेतला, कारण मासिक छापायला जायचं होतं.

तेव्हापासून मला चैन नाही. आज तुला जाऊन पाच आठवडे झाले. त्या बारा ओळींत जे नव्हतं ते तुलाच लिहितो.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला अजून दिसतो. सेमिनरीच्या फाटकात खांद्यावर घोंगडं टाकून उभा होतास आणि मलाच विचारलंस, "पाद्र्यांची तालीम ती हीच का वो?" मी हसलो. मिरजेच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मुलगा मी, मिशनच्या आवारात वाढलेला, शुद्ध बोलणारा, इस्त्रीचा सदरा घालणारा. तुझं वय बावीस, माझं एकोणीस. तुझे दंड पाहून मला वाटलं, हा गडी खरंच चुकून आलाय, याला गावातली कुस्तीची तालीम हवी असेल. तू म्हणालास, "हासू नगा. आमच्याकडं समदी ह्येला तालीमच म्हनत्यात. पाद्री घडवायची जागा, मग दुसरं काय म्हनायचं?" त्या दिवशी मला अहोजाहो केलंस, ते शेवटचं. संध्याकाळी आपल्याला एकच खोली मिळाली आणि जेवणाआधी मी 'शमू' झालो होतो.

ग्रीक शिकवायला लिंडनर साहेब होते. जर्मनीहून आलेले, उंच, वाकलेले, पोथीतलं मराठी बोलणारे. विद्यार्थ्यालाही 'तुम्ही' म्हणायचे. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर चोवीस अक्षरं काढली आणि सांगितलं, "बंधूंनो, शुभवर्तमान प्रथम या अक्षरांत लिहिले गेले. तुमच्या हातातले मराठी हे त्याचे भाषांतर आहे." बाकीच्यांनी अक्षरं उतरवून घेतली. तू हात वर केलास. "म्हंजे साहेब, ही शिकली की मधी कुनी न्हाई? थेट?" साहेब फळ्याकडून तुझ्याकडे वळले. "थेट," ते म्हणाले.

त्या 'थेट'चा तुला काय अर्थ लागला ते मला वर्षभरानं कळलं.

तू चांगला विद्यार्थी नव्हतास, सावळा. आज तू नाहीस म्हणून खोटं लिहिणार नाही. तुझ्या गावच्या शाळेत मास्तर तुला व्हरांड्यात बसवायचे, तिथून जेवढं ऐकू आलं तेवढं तुझं शिक्षण. मी एकदा वाचून पाठ करायचो ते तुला दहादा घोकावं लागे. पण बागेला पाणी द्यायची पाळी आली की तू मोट हाकता हाकता क्रियापदाची रूपं म्हणायचास, आणि बैलांना वळवायची वेळ आली की तेवढ्यापुरतं मराठीत यायचास. आम्ही विहिरीच्या कडेला पोट धरून हसायचो. तू थांबायचा नाहीस. बैल थांबले की रूप पुरं करूनच त्यांना हाक द्यायचास.

मग युद्ध पेटलं. जर्मनांशी लढाई सुरू, आणि आपले साहेब जर्मन. एके सकाळी दोन अधिकारी आले आणि साहेबांना, मडमना आणि दोन्ही मुलींना घेऊन गेले. साहेबांनी जाताना खडू फळ्याच्या कट्ट्यावर नीट ठेवला आणि म्हणाले, "अकराव्या धड्यापर्यंत आलो आहोत. बारावा सोपा आहे."

सेमिनरीची सूत्रं आमोसरावांकडे आली. ते देवभीरू माणूस, पण ग्रीक त्यांनाही चाचपडतच यायचं. दीक्षेसाठी ग्रीकची परीक्षा लागते असा नियम, आणि शिकवायला तर कुणी उरलं नाही. त्यांनी आम्हाला एकत्र बोलावून सांगितलं की युद्ध आहे तोवर ग्रीकची सूट, बाकी विषयांवर दीक्षा मिळेल. सगळ्यांचे चेहरे खुलले. माझाही. तू एकटा उठलास.

"आवं, मला सूट नगं."

"सावळाराम, सूट कुणी नाकारतं का?"

"मला परीक्षा द्यायची हाय."

"कुणाकडे देणार बाबा?"

तू खाली बसलास. त्या संध्याकाळी आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हणालो, तुझ्या गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ग्रीक काय करायचंय? त्यांना मराठी पवित्र शास्त्र पुरे आहे, तापावर गोळी पुरे आहे, मेल्यावर चार माणसं खांदा द्यायला आली तरी पुरे आहे. एवढं डोकं कशाला फोडून घेतोस? तू घोंगडं झटकत होतास, ते तसंच हातात राहिलं.

"गड्या, माझा बाप देवळात पोथी चालायची तवा लांब लिंबाखाली हुबा ऱ्हायाचा. ऐकू येत न्हवतं, तरी हुबा ऱ्हायाचा. येक दिस कुनीतरी बघितलं, आन् महाराच्या कानावर पोथी पडती म्हनून त्येला तिथनंबी हाकललं. आता मला येक मानूस भेटला, त्यो म्हनतो थेट वाच, मधी कुनी न्हाई. आन् तू म्हनतूस, दुसऱ्यानं सांगितल्यालं पुरं?"

मी तुझं पटलं असं म्हणालो नाही. ते भांडण आपण पुढं कितीतरी वर्षं भांडत राहिलो, कधी थट्टेत, कधी जोरात. ते मिटलं नाही.

तिसऱ्या वर्षी कुणीतरी बातमी आणली की लिंडनर साहेबांना साताऱ्याला आणून ठेवलंय. तिथं जर्मन कुटुंबांसाठी बंगले होते, हद्दीबाहेर जायला बंदी होती, पण परवानगी काढून भेटता यायचं. दुसऱ्याच आठवड्यात तू आमोसरावांच्या सहीचा अर्ज आणि सेमिनरीची एकुलती सायकल घेऊन निघालास. शुक्रवारी दुपारी सांगली सोडायची, दिवस मावळताना गावी आईकडे टेकायचं, शनिवारी कऱ्हाडवरून सातारा गाठायचं. साहेबांची भेट अर्धा तास, अधिकाऱ्याच्या व्हरांड्यात, समोर कारकून बसलेला. मग परत. महिन्यातून एकदा. लिहिलेली वही साहेबांकडे ठेवायची, तपासलेली घेऊन यायची. दोन वह्यांवर तुझी शाळा सुरू झाली.

पहिल्यांदा परत आलास तेव्हा तुला उभं राहता येत नव्हतं. मी कोमट पाण्यात मीठ घालून तुझे पाय त्यात ठेवले. तू वही उघडलीस. पान तांबड्या शाईनं भरलं होतं आणि समासात साहेबांनी आपल्या भाषेत काहीबाही लिहिलं होतं. "बघ," तू म्हणालास, जणू बक्षीस दाखवतोयस, "येक वळ सोडली न्हाई."

ती वही पाहून मला मोह झाला. माझी हुशारी मला स्वस्थ बसू देईना. सूट घेतली होती, पण तू पुढं निघालेला बघवत नव्हतं, हे आता कबूल करतो. तेव्हा युद्धामुळे कागद मिळत नव्हता. मी म्हणालो, तुझ्या वहीची मागची पानं मला दे, मीही धडे लिहितो, साहेबांना दाखव. तुला केवढा आनंद झाला! "आता दोघं झालो," म्हणालास. समोरून तू लिहायचास, वही उलटी करून मागून मी. साहेब दोन्हीकडून तपासायचे. माझ्या बाजूला तांबडं कमी असायचं आणि मी ते तुला दाखवायचो.

असे सात महिने गेले. मग पावसाळ्यात ते झालं.

त्या दिवसांत सातारा जिल्हा पेटलेला होता. भूमिगतांची माणसं डोंगरांत, उसाच्या फडांत लपलेली, तारा तुटत होत्या, खजिने लुटले जात होते, आणि पोलीस रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची झडती घेत होते. परत येताना वाटेवरच्या एका चौकीवर तुला अडवलं. पिशवीत भाकरी, कांदा आणि वही. फौजदारानं वही उघडली. असली अक्षरं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. वर तांबड्या शाईत जर्मन मजकूर.

पुढचं तूच सांगितलंस, आल्यावर, सगळ्यांना हसवून.

"ही कसली भाषा?" फौजदार.

"ग्रीक."

"कुठं बोलतात?"

"आता कुटं बोलत न्हाईत, साहेब. दोन हजार वर्सांमागं बोलत व्हते."

"मग तू कुणाशी बोलतोस?"

"मी बोलत न्हाई. वाचतूय."

"आणि हे तांबडं?"

"मास्तरांनी चुका काढल्यात."

"मास्तर कुठं असतो?"

"साताऱ्याला. नजरकैदेत."

"कोण आहे तो?"

"जर्मन."

तुला आत घालायला एवढं पुरे होतं. जर्मन हेराची गुप्त लिपी घेऊन जाणारा भूमिगतांचा माणूस, अशी फौजदाराची खात्री पटली. साहेबानं निरोप दिला होता असं लिहून दे, तुला सोडतो, असं तुला रोज सांगायचे. तू अठरा दिवस आत होतास. लिहून दिलं नाहीस. परत आलास तेव्हा तुझ्या डाव्या पायाला सूज होती. ती कशानं आली हे हसवता हसवता तू कधीच सांगितलं नाहीस, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता माझं सांगतो.

तुला पकडल्याच्या चौथ्या दिवशी एक हवालदार सेमिनरीत आला. आमोसरावांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, तुझ्या खोलीतला म्हणून. टेबलावर तुझ्या वहीतून फाडलेली दोन पानं होती, एक समोरचं, एक मागचं. हवालदार म्हणाला, "यात हात दोन आहेत. एक त्याचा. दुसरा कुणाचा?"

मी मागचं पान पाहिलं. माझी गोल, सुबक अक्षरं. वळणाबद्दल साहेबांनी माझं कौतुक केलेलं पान होतं ते.

"ओळखतोस का?"

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघ."

"माहीत नाही कुणाचं ते."

आमोसरावांनी त्या पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. हवालदार निघून गेला. मी खोलीत आलो, तुझं घोंगडं घडी करून ठेवलेलं होतं, त्याच्याकडे पाठ करून बसलो. मला तुरुंगाची भीती होती. वडिलांची नोकरी जाईल याची भीती होती. कारणं पुष्कळ होती, आजही आठवतात.

वही पुण्याला गेली. तिथल्या एका प्राध्यापकानं ती वाचली आणि कळवलं की हा शास्त्राचा अभ्यास आहे, गुप्त असं यात काही नाही, विद्यार्थ्याचं व्याकरण मात्र कच्चं आहे. तुला सोडलं. तू आलास, आम्ही सगळ्यांनी तुला गराडा घातला, आणि तू त्या प्राध्यापकावरच चिडला होतास. "अठरा दिस आत बसलो त्येचं काय न्हाई, पन कच्चं म्हनला रं!"

मग कुणीतरी विचारलं, दुसऱ्या हस्ताक्षराचं काय झालं? तू भाकरी मोडत होतास. "त्येचं व्हय? फौजदार म्हनला, दुसरा कोन त्ये सांग. मी म्हनलो, दुसरा कोन न्हाई, दोन्ही हात माझंच. उजवा येक आन् डावा येक." तू मुळचा डावरा. लहानपणी मास्तरांनी छडी मारून मारून तुला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं, हे खोलीतल्या मला तेवढं माहीत होतं. फौजदारानं पाटी दिली, तू डाव्या हातानं अक्षरं काढून दाखवलीस. "वाकडीतिकडी आली. पन त्येला ग्रीकातलं काय कळतंय, सरळ कोन आन् वाकडं कोन?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, भाकरी खात राहिलास.

मी त्याच वेळी उठायला हवं होतं.

त्यानंतर साताऱ्याची भेट बंद झाली. मी ग्रीक सोडलं, सूट घेतली, पुढल्या वर्षी दीक्षा घेतली आणि सेमिनरीतच मंडळीचा इतिहास शिकवायला लागलो. तू थांबलास. आमोसरावांनी अधिकाऱ्यांना अर्ज केले, आणि तपासून, शिक्के मारून साहेबांची प्रश्नपत्रिका टपालानं आली. तू तीन तास बसून उत्तरं लिहिलीस. दोन महिन्यांनी निकाल आला. साहेबांनी तुला नापास केलं होतं.

मला साहेबांचा राग आला. ज्या माणसानं त्यांच्यासाठी अठरा दिवस कोठडी भोगली त्याला नापास? आमोसराव तर म्हणाले, हा निकाल मी बाजूला ठेवतो, तुला दीक्षा देतो. तू निकालाचा कागद हातात घेऊन चिंचेखाली उभा होतास. मी सांत्वन करायला आलो, तर तुझा चेहरा उजळलेला.

"नापास केला गड्या."

"मला माहीत आहे. अन्यायच—"

"आरं, नापास केला! दया दाखवली न्हाई. म्हंजे परीक्षा खरी व्हती."

एक वर्ष आणखी घोकलंस. दुसऱ्यांदा पास झालास, जेमतेम. युद्ध संपल्यावर साहेबांना मायदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा आपण दोघं त्यांना निरोप द्यायला सातारा रोड स्टेशनावर गेलो. ते फार खंगले होते. गाडी यायला थोडा वेळ होता. त्यांनी तुला तिथंच एक क्रियापद दिलं आणि सगळी रूपं म्हणायला लावली. फलाटावरचे हमाल थांबून ऐकू लागले. तू एकही चुकला नाहीस. साहेबांनी तुझा हात दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शमुवेल, तुमची पाने मला नंतर मिळाली नाहीत." मी म्हणालो, वेळ मिळाला नाही. तू लगेच मडमच्या पेट्या उचलायला वाकलास.

दीक्षा घेऊन तू आपल्या भागात गेलास. सहा गावं, सहाही गावांत गावकुसाबाहेरची पाचदहा घरं. मला वाटायचं, आता ग्रीक संपलं. पुढच्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे दोन दिवस राहायला आलो. विट्याच्या रस्त्याला खडी फोडणाऱ्या वडारांची पालं पडली होती आणि त्यांच्यातलं एक पोर आजारी म्हणून तू तिकडं निघालास, मीही आलो. पोराला औषध दिलंस. बायाबापड्या भोवती बसल्या. एका म्हातारीनं विचारलं, "पाद्री, तुमचा देव ऱ्हातो कुटं?"

तू शास्त्रातलं एक वाक्य सांगितलंस, देव माणसांत येऊन राहिला त्याचं. आणि मग म्हणालास, "ऱ्हायला म्हंजे कसा ठावं हाय का? आमच्या पुस्तकात नुसतं ऱ्हायला आसं हाय. पन मूळ शब्द हाय त्येच्यात तंबू हाय, पाल हाय. वाडा बांधला न्हाई त्येनं. तुमच्यावानी चार काठ्या रोवल्या, वर फाटकं टाकलं, पाल ठोकून ऱ्हायला."

म्हातारीनं आपल्या पालाकडं वळून पाहिलं. "ह्येच्यात?"

"व्हय. आसल्यातच."

आत जाऊन तिनं तुझ्यासाठी पाणी आणलं, आणि कुणी नको म्हणेल या भीतीनं ॲल्युमिनियमच्या भांड्याला आधी पदर लावून पुसलं. तू घटाघट प्यालास.

मी तो शब्द तुझ्याआधी शिकलो होतो, सावळा. माझ्या मागच्या पानांवर तो होता, त्याचा अर्थ मी अचूक लिहिला होता. त्याचं असं काही होऊ शकतं हे मला सुचलं नव्हतं. परत येताना मी तुला म्हणालो, "चांगलं बोललास." तू जिंकलास, एवढं म्हणायला जीभ वळली नाही. तूही मागं लागला नाहीस. बैलगाडीच्या चाकोरीतून पुढं चालत होतास आणि पोराचा ताप उतरेल की नाही याचंच बोलत होतास.

यंदा पावसात तुझ्या गावांत तापाची साथ आली. तू घरोघर फिरलास आणि शेवटी तुलाच मिरजेला आणलं. निरोप आला तसा मी आलो. वाटेत ठरवलं होतं, आज सांगायचं. तुझ्या खाटेशी बसलो. तू अगदी वाळून गेला होतास, पण शुद्धीवर होतास. मी म्हणालो, "सावळा, त्या वहीबद्दल मला—" तू डोळे मिटून हात हलवलास. "शमू, मार्थाला सांग, पोरीला शाळंत घालायचं मागं पडू द्यायचं न्हाई. व्हरांड्यात बसवत्याल तर तू सोता जाऊन आत बसव." मी हो म्हणालो. मग परिचारिका आली. दुसऱ्या दिवशी येऊ म्हणून मी उठलो. दुसऱ्या दिवशी तू बोलत नव्हतास.

तुला माती दिल्यावर चार आठवड्यांनी मी मार्थावहिनींना भेटायला गावी गेलो. पोर शेजारी खेळायला गेली होती. वहिनी जोंधळे पाखडत होत्या. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, हवालदार, पान, माझं 'नाही'. त्यांचं सूप थांबलं नाही.

"भावजी, मला ठावं हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्येंनीच. लगीन झाल्यावर. फौजदारानं त्येंना आत सांगितलं व्हतं, तुझा खोलीवाला म्हनतो मला ठावं न्हाई."

म्हणजे तुला माहीत होतं. भाकरी मोडत सगळ्यांना हसवलंस तेव्हा माहीत होतं, स्टेशनावर पेट्या उचलल्यास तेव्हा माहीत होतं, खाटेवर हात हलवलास तेव्हाही. मी कसंबसं विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हनले, शमू न्हाई म्हनला त्ये ऐकून जीव भांड्यात पडला. त्यो खरं बोलला आसता तर माझं खोटं वाया गेलं आसतं." वहिनींनी फोलपट उडवलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "आनखी येक म्हनले. माझ्या खोट्याची कबुली मी देवाफुडं दिलीया. शमूची शमू दील. घाई न्हाई."

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी मला रडू दिलं आणि जोंधळे पाखडून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"आता येक सांगा भावजी. ऐतवारी उपासनंला कोन येनार? चार ऐतवार मानसं येऊन बसत्यात आन् उठून जात्यात."

"मी येतो," म्हणालो.

आमोसरावांकडून महिन्याची रजा घेतली. रजा का हवी ते सांगताना त्यांना त्या पानाचीही आठवण करून दिली. ते म्हणाले, "मी चष्मा पुसत होतो, शमुवेल. मलाही माझं सांगायचंच आहे कुणाला तरी."

परवाच्या रविवारी मी तुझ्या जागी उभा राहिलो. पत्र्याखाली तीसेक माणसं. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, पुढं मार्थावहिनी आणि तुझी पोर. पापाच्या कबुलीची प्रार्थना आली. सेमिनरीत ती मी शेकडो वेळा पाठ म्हटली आहे. तिथं थांबलो आणि पुस्तक मिटलं. त्यांना सांगितलं की तुमचा पाळक कोठडीत होता तेव्हा त्या वहीतली मागची पानं माझी होती. मला विचारलं, आणि मी नाही म्हणालो. त्यानं ती आपली म्हणून सांगितली. त्याच्या जिवंतपणी मी हे कबूल केलं नाही, आज करतो.

बाहेर कुणाचं तरी वासरू हंबरत होतं. मी कुणाच्याही तोंडाकडे न बघता उभा होतो. मला वाटलं, आता ही माणसं उठून जातील, आणि गेली तर बरोबरच आहे.

बायांच्या बाजूनं सखूआजी बोलली, सगळ्यांत म्हातारी, जिला ऐकू कमी येतं असं मी समजत होतो.

"झालं न्हवं सांगून?"

"हो आजी."

"मग फुडलं वाचा, पाळक."

सेमिनरीत मला सगळे मास्तरच म्हणतात. दीक्षेला पाच वर्षं झाली, पण या नावानं मला आजवर कुणी हाक मारली नव्हती. मी पुस्तक उघडलं, कबुलीनंतर क्षमेचं वचन येतं ते शोधलं, आणि ते त्यांना आणि मला, दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं.